नवा मासा थेट टाकीत? थांबा जरा!

कुर्ल्याहून मासे घ्यायचे, पिशवी सांभाळत कसारा लोकलने आसनगाव गाठायचं आणि घरी पोचताच मासे थेट टाकीत! तुमच्यातले बरेच जण हेच करतात ना?

दुकानात ठिकठिकाणचे मासे एकत्र येतात. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा, म्हणजे ‘इच’चा, परजीवी सुरुवातीला दिसतच नाही. माशाच्या कातडीखाली असेपर्यंत त्याला औषधही लागू पडत नाही. तो पाण्यात मोकळा फिरू लागला की मगच मरतो. २५ अंशांच्या आसपास त्याचं चक्र साधारण आठवड्यात पुरं होतं, थंडीत लांबतं. म्हणून नवा मासा किमान दोन आठवडे वेगळा ठेवा, हिवाळ्यात तीन-चार.

‘दुसरी टाकी परवडत नाही,’ म्हणाल. २० लिटरचा टब, स्पंज फिल्टर, झाकण आणि वेगळी जाळी, एवढं पुरे.

भातसा, तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि आपल्या तालुक्यातल्या गावांत उन्हाळ्यात टँकर येतो. रोग शिरल्यावर शंभर लिटरच्या टाकीचं पाणी पुन्हा पुन्हा बदलायचं, की आधीच टबभर पाण्यात भागवायचं?

आणि मासा नकोसा झाला तरी भातसेत सोडू नका. उजनीत सकर माशाने मच्छीमारांचे काय हाल केले, ते विसरू नका.