चष्मा दिला म्हणजे झाले?

शस्त्रक्रियागृहातील लेसर यंत्राविषयी परिचारिकांना, तंत्रज्ञांना आणि वॉर्डबॉयना स्वतंत्र शिक्षण देणे ही निव्वळ चैन होय, असे मत एका जाणत्या गृहस्थांनी परवा साजगावी मोठ्या आत्मविश्वासाने मांडले. लेसर म्हणजे अखेर उजेडच. तो चालविणारा सर्जन पदवीधर असतो. यंत्र बसविताना कंपनीचा माणूस सगळे दाखवून जातो. आणि चष्मे तर दिलेलेच असतात. तेव्हा कर्जत-खालापुरातल्या लहान रुग्णालयांनी ही पदरमोड का करावी, अशी त्यांची एकंदर कैफियत.

या उजेडाने मांस कापता येते म्हणूनच सर्जन तो विकत घेतो, एवढे पहिल्या मुद्द्याला पुरे. कंपनीचा माणूस येतो तेव्हा रात्रपाळीची परिचारिका घरी निजलेली असते. सर्जनच्या पदवीने दार उघडून आत येणाऱ्या आयाचे डोळे झाकले जात नाहीत.

चष्म्याचा मुद्दा मात्र इतक्यावर सोडवत नाही. कारण कोणता चष्मा, हा प्रश्न या गृहस्थांच्या मनाला शिवलेलाच नाही, आणि साजगावच्या कार्तिकी यात्रेत सुक्या बोंबलांच्या शेजारी मिळणारा काळा चष्माही त्यांना बहुधा चालला असता. बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या चंद्रकुमार पटेलांनी १९६४ साली अमेरिकेत सिद्ध केलेल्या कार्बन डायऑक्साइड लेसरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. त्याचा किरण डोळ्याच्या पुढल्या पारदर्शक पटलातच शोषला जाऊन तेथे भाजतो, आणि त्याच्यासाठी प्रमाणित केलेला पॉलिकार्बोनेटचा चष्मा पाण्यासारखा स्वच्छ असू शकतो. निओडिमियम याग लेसरचा १०६४ नॅनोमीटरचा किरण मात्र त्याच स्वच्छ चष्म्यातून, आणि मग डोळ्याच्या भिंगातून, निर्वेध आत शिरून दृष्टिपटलावर एकवटतो. तो अदृश्य असल्यामुळे पापणी मिटण्यास निमित्तच उरत नाही, आणि दृष्टिपटलाला वेदनेची जाणीव नसल्यामुळे जळल्याचे कळतही नाही. खोपोलीकडच्या कारखान्यांत वेल्डरच्या हाताखाली राबणाऱ्या पोराचे डोळे पहिल्याच रात्री असे चुरचुरतात की दुसऱ्या दिवशी तो न सांगता काच धरतो. येथे ती सोयही नाही. दोन जातींची यंत्रे आणि त्यांचे चष्मे एकाच खुंटीवर टांगलेले, अशा खोलीत चष्म्याच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेली तरंगलांबी आणि तिच्यापुढचा घनतेचा आकडा वाचायचा कोणी? तो आकडा ५ असेल तर त्या तरंगलांबीचा एक लक्षांश उजेडच पलीकडे जातो; पण हे ज्याला कोणी सांगितलेले नाही, तो त्या आकड्यांना मालाचा नंबर समजला तर त्याची कसूर कोणती?

ही मंडळी तशी जुनीच. एखाद-दुसऱ्या फोटोने काय होते, म्हणून शिशाच्या एप्रनला नाके मुरडणारे हेच. आता त्यांचा नवा शोध असा की, क्ष-किरण यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, लेसरला लागत नाही, त्याअर्थी लेसर निरुपद्रवी. त्या मंडळाचा अखत्यार आयनीकारक प्रारणापुरता आहे. लेसर त्यात बसत नाही. सर्पदंशही बसत नाही.

श्वासनलिकेतील प्लॅस्टिकची नळी किरण लागल्यास ऑक्सिजनच्या सान्निध्यात पेटू शकते, आणि ऊतक जाळून उठणाऱ्या धुरात विषाणूंचे अंश सापडले आहेत, याची तर या कैफियतीत दखलही नाही.

आमचे मागणे फार नाही. यंत्र आणि त्याचा चष्मा यांवर एकच ठळक खूण असावी. खिडक्या झाकाव्यात, दारावर पाटी लागावी. ओले गॉझ आणि पाणी हाताशी ठेवण्याचा सराव प्रत्येक पाळीकडून करवून घेऊन दप्तरी नोंद व्हावी. आणि यंत्राची किल्ली एका शिकविलेल्या कर्मचाऱ्याच्या ताब्यात असून, चूक दिसताच किरण थांबविण्याचा अधिकार त्याला असावा. त्या गृहस्थांना खरा सल येथेच असावा, असा आमचा दाट संशय आहे. वॉर्डबॉयने सर्जनला ‘थांबा’ म्हणावे, हे त्यांच्या पचनी पडत नाही. तसे असेल तर त्यांनी तसे उघड म्हणावे, खर्चाचे निमित्त पुढे करू नये.