बाळराजांचे आईबाप

सायबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकची लोकांनी बर्फातून गाड्या ओढण्यासाठी हस्की घडवला. पुण्यात आम्ही तो टू-बीएचकेच्या पश्चिमेकडच्या बाल्कनीत बांधला. महिना मे. जिभेची पट्टी गळ्यापर्यंत लोंबतेय, कुत्रं भात्यासारखं धापतंय आणि मालकीणबाई कौतुकाने सांगतायत, "बघा ना काका, कसा हसतोय!"

हसतोय? अहो, कुत्र्याला घाम सुटतो तो फक्त पंजांच्या तळव्यांतून. अंग थंड करायला त्याच्याकडे धापण्याशिवाय फारसं साधन नाही. पग घेतलात तर तेही धड नाही, कारण त्याचं नाक आपण माणसांनीच पिढ्यान्‌पिढ्या हौसेने चेपून ठेवलंय. पण ज्ञानार्जनाची घाई कोणाला? उपाय तयार होता: हस्कीचं मुंडण. त्याची ती दुहेरी लव ऊनही अडवते, हे कोणाच्या गावी नाही. भादरल्यावर गुलाबी कातडी उघडी पडली. मग त्याच दुपारी त्याला डांबरी रस्त्यावर फिरायला नेलं. स्वतः बूट घालून, अर्थात.

या जमातीला मालक म्हटलेलं खपत नाही. ते 'पेट पेरेंट'. बाळाचा वाढदिवस होतो, बाळाला शेरवानी होते, बाळाचं इन्स्टाग्राम होतं. केकही होतो, आणि तो चॉकलेटचा! चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याला विष आहे, मनुके-बेदाणे त्याच्या मूत्रपिंडाचं वाटोळं करू शकतात, कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. आणि आमच्याकडे प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे वेचून कोणाला मिळतात? बाळालाच.

याच वाढदिवसाला मी बाळाचा कान उलटून पाहिला. आत चवळीच्या दाण्याएवढे टम्म फुगलेले राखाडी गोचीड, ओळीने. बाहेरून शेरवानी, आतून धर्मशाळा. "पावसाळ्यात होतंच हो थोडं," इति पिताश्री. होतं ना! मग नाकातून रक्त येतं, हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, प्लेटलेट कोसळतात. त्याला डॉक्टर टिक फीव्हर म्हणतात. उपाय काय केला? हळद आणि खोबरेल तेल. व्हॉट्सॲपवरच्या एका धन्वंतरीने सांगितलं होतं. गोचिडाची मादी अंडी घालते हजारोंनी आणि घालते भिंतीच्या भेगांत, फरशीच्या सांध्यांत. तुम्ही कुत्र्याला फोडणी देत बसा.

मांजरवाल्यांचा थाट निराळा. ते तत्त्वज्ञ. मांजर जातिवंत मांसाहारी. टॉरिन नावाचं अमिनो आम्ल तिला मांसातूनच मिळतं, ते कमी पडलं की डोळे आणि हृदय दोन्ही जातात. पण घर सात्त्विक, म्हणून मनीही सात्त्विक! दूध-पोळी खा आणि आमचं पुण्य वाढव. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, हा तपशील गौण. मनीला ताप आला की घरातलीच पॅरासिटामॉलची अर्धी गोळी चुरून. मांजराच्या यकृताला ते औषध निचरून टाकता येत नाही. अर्धी गोळी तिचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या गोचिडांचं परमेथ्रिनवालं औषध 'उरलंय तर लावू' म्हणून तिला लावणारेही महाभाग आहेत. मनी त्यानेही झटके येऊन मरू शकते. काटकसर मात्र झाली.

आणि आता या प्रहसनातला शिरोमणी संवाद: "आमचा बाहेर जातच नाही, मग लस कशाला?" तुम्ही जाता ना बाहेर? पार्व्होचा विषाणू तुमच्या चपलेला चिकटून लिफ्टने वर येतो; त्याला सोसायटीच्या गेटवर नोंद करावी लागत नाही. रेबीजबद्दल तर बोलूच नये. १८८५ साली पाश्चरने माणसावर लस यशस्वी करून दाखवली, त्याला आता सुमारे १४० वर्षं झाली. लक्षणं दिसू लागली की आजही रोगी बहुधा वाचत नाहीच, मग तो कुत्रा असो वा त्याचा 'डॅडी'. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग बूस्टर आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या तारखेला. शेरवानीच्या बटणांत बसेल एवढा खर्च. तरी नाही. कारण लस टोचतानाच्या फोटोला लाइक कोण देणार?

कायदा धाक घालेल म्हणावं, तर १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. वडापाव महाग पडतो.

दिवाळीत हेच आईबाप बाळ पलंगाखाली थरथरत असताना खाली हजाराची माळ लावतात. बाल्कनीला जाळी नाही, म्हणून पाचव्या मजल्यावरून मनी पडते, तेव्हा "मांजर पायांवरच पडतं" असं म्हणत तिला उचलायला जातात. पायांवरच पडतं हो. पाय मोडतात तेही तेच.

तुम्ही शहाणे आहात, म्हणून एवढंच सांगतो. घरातल्या त्या लाडक्याचं लसीचं पुस्तक शोधा, बहुधा केकच्या मेणबत्त्यांच्या खणात असेल. तारीख उलटून गेली असेल तर उद्या सकाळी, ऊन चढायच्या आत, दवाखान्यात जा. शेरवानी न घालता. म्हणजे, त्याला.