बाहेरचा कोण, ते एकदा ठरवा

‘वस्ती बिघडली हो मॅडम!’

हे वाक्य कुंभवलीत मला सगळीकडे भेटतं. किराण्याच्या दुकानात, रिक्षात, पालक सभेत, लग्नाच्या पंगतीत. म्हणणारी माणसं वाईट असतात असं नाही. उलट बरीचशी भली असतात. शेवटचं ज्यांच्या तोंडून ऐकलं, ते काका माझ्या अब्बांबरोबर एकाच प्रोसेस हाऊसमध्ये, एकाच पाळीत काम करायचे. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मी गणपतीची मिरवणूक पाहिली आहे. म्हणूनच या वाक्याला उत्तर द्यायचं मी इतकी वर्षं टाळत आले. आता टाळणार नाही.

2025 सालचा गुढीपाडवा 30 मार्चला होता, रविवारी. आमचा एकोणतिसावा रोजा. शाळेला सुट्टी, घरी स्वयंपाकाची घाई नाही. फजरची नमाज उरकून मी एकटीच फिरायला निघाले. संध्याकाळी चाँद दिसला तर उद्या ईद. एकाच दिवशी कुणाच्या दारात गुढी आणि कुणाची नजर आभाळात, असा योग रोज येत नाही. म्हटलं, ही बिघडलेली वस्ती एकदा डोळे भरून पाहून घेऊ.

कुंभवलीच्या वसंताला दोन वास असतात. एक मोहराचा. मार्च संपता संपता तोही विरत जातो, बारीक कैऱ्या धरलेल्या असतात. दुसऱ्या वासाला नाव नाही. रात्री दोन-तीनच्या सुमारास तो सुरू होतो आणि उजाडेपर्यंत गल्ल्यांमधून रेंगाळतो. माझे विद्यार्थी त्याला ‘अंडेवाली हवा’ म्हणतात. सहेरीला खिडकी उघडी राहिली तर तोंडातला घास त्या हवेसकट गिळावा लागतो. कारखान्यांच्या कुंपणाला लागून एक पळस आहे. त्या सकाळी तो पेटल्यासारखा फुलला होता आणि त्याच्या मागून चिमणीचा धूर सरळ वर जात होता. कुठेतरी कोकीळ ओरडत होता. ब्लोअरच्या घरघरीतून त्याला आवाज चढवावा लागत होता, एवढंच.

नाक्यावर एक आदिवासी म्हातारी कडुनिंबाच्या डहाळ्या आणि आंब्याची पानं घेऊन बसली होती. पाडव्याचं गिऱ्हाईक सकाळीच असतं. तिच्याकडून कैऱ्या घेतल्या आणि सहज विचारलं, ‘मावशी, इथं किती बाहेरची माणसं आली ना?’

तिने माझ्याकडे पाहिलं, रस्त्यापलीकडच्या इमारतीकडे पाहिलं, आणि हसून म्हणाली, ‘आमाला तं समदीच बाहेरची, बाय.’

या एका वाक्यापुढे आमच्या वस्तीतली सगळी भाषणं थिटी पडतात.

कारण खरोखर हिशेब मांडायचा तर सुरुवात तिथूनच करावी लागेल. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम 1961 चा. पुढच्याच वर्षी महामंडळ उभं राहिलं. 1969 साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, देशातलं पहिलं. सत्तरच्या दशकात औद्योगिक वसाहत आकाराला आली. अणुकेंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावंच्या गावं उठवली गेली. ते संच 2005 आणि 2006 मध्ये वीज देऊ लागले. म्हणजे भातशेती, ताड आणि वाडीचा हा मुलूख बदलण्याचा निर्णय ज्या टेबलांवर झाला, त्या टेबलांभोवती ना माझे अब्बा होते, ना उत्तर प्रदेशातला कुणी लूमवाला, ना बिहारचा हेल्पर. कारखाने आधी आले. माणसं नंतर आली. आणि ती आली नाहीत, आणली गेली. ठेकेदारांनी गावोगाव फिरून आणली.

माझे अब्बा जळगावकडून आले, बॉयलरवर उभं राहायला. कुंभवलीत दहा बाय दहाची खोली घेतली. ती चाळ कुणी बांधली होती? इथल्याच एका जमीनमालकाने. भाडं कुणी घेतलं? त्यानेच. दर अकरा महिन्यांनी वाढवूनही घेतलं. त्यात मला काही गैर वाटत नाही, जमीन गेलेल्या माणसाने जगावं तरी कशावर? पण ज्या माणसाच्या भाड्यावर तुमचं पोरगं इंजिनीयर झालं, त्याच माणसाला तुम्ही आता ‘लोंढा’ म्हणता, हे मात्र मला मान्य नाही.

बोईसर परिसरात एका वस्तीचं नाव अवधनगर आहे, एकीचं भैय्यापाडा. ‘पाडा’ हा इथल्या आदिवासींचा शब्द. त्यांच्या चार-दहा घरांच्या वस्तीला म्हणायचा. त्याच्या आधी ‘भैय्या’ लागला. या एका नावात पन्नास वर्षांचा इतिहास आहे. ज्याची जमीन गेली आणि ज्याचा घाम गेला, असे दोघे एका शब्दात शेजारी राहतात. आपण मात्र ते नाव उच्चारताना नाक मुरडतो.

आता ‘बिघडलं’ काय, तेही पाहू. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, तेव्हाच तारापूर अतिप्रदूषितांच्या यादीत होतं. 2018 च्या मोजणीत तारापूरला 93.69 गुण मिळाले. शंभरापैकी. देशात पहिला नंबर! माझ्या वर्गात कुणाला एवढे गुण मिळाले तर पेढे वाटतात. नवापूरच्या समुद्रात सांडपाणी सोडलं जातं म्हणून मांगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. मच्छीमारांनी मागितली, ज्यांची जाळी रिकामी येत होती त्यांनी. वस्ती बिघडल्याचं दुःख करणारे आम्ही मध्यमवर्गीय तेव्हा कुठे होतो? पार्किंगमध्ये कुणाची रिक्षा उभी आहे, त्यावर भांडत होतो.

11 जानेवारी 2020 च्या संध्याकाळी कोलवड्याकडे स्फोट झाला, आठ जण गेले. 21 ऑगस्ट 2025 ला एका औषध कारखान्यात वायुगळती झाली, चार कामगार गेले. अशा प्रत्येक वेळी वस्तीत दोन दिवस हळहळ असते. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच: ‘ही बाहेरची माणसं आल्यापासून...’ अहो, ही बाहेरची माणसंच त्या रिॲक्टरपाशी उभी असतात! तुमच्या-माझ्या आणि त्या वाफेच्या मध्ये तीच असतात.

आणि 2011 च्या जनगणनेचा नियम पाहा. पाच हजारांवर लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसं आणि पंचाहत्तर टक्के पुरुष कामगार शेतीबाहेर, की झालं शहर. त्या मापाने बोईसर शहर ठरलं. कारभार मात्र ग्रामपंचायतीच्याच हाती राहिला. शहराची गर्दी आणि गावाचं गटार. नाला तुंबतो तो या हिशेबामुळे. पण हिशेबाला शिव्या देता येत नाहीत, शेजाऱ्याला देता येतात.

इथवर मी दुसऱ्यांबद्दल बोलले. आता स्वतःचं सांगते.

2013 साली डहाणूपर्यंत लोकल आली आणि चाळींच्या जागी इमारती उठू लागल्या. आम्हीही भाड्याने दोन खोल्यांचा फ्लॅट शोधत होतो. मी आणि माझे पती, दोघेही नोकरी करणारे. एजंटाने फोनवर माझं बोलणं ऐकलं आणि खूश झाला. ‘मॅडम, लगेच या, चावी माझ्याकडेच आहे.’ फ्लॅट पाहिला, आवडला. डिपॉझिट ठरलं. मग त्याने करारासाठी नाव विचारलं. मी सांगितलं. तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, ‘पण मॅडम, तुम्ही मराठी तर छान बोलता!’

त्या ‘पण’चा अर्थ मला आजही नीट लावता आलेला नाही. मी कुठली भाषा बोलायला हवी होती? मी या मातीत जन्मले, उर्दूत शिकले, उर्दूत शिकवते आणि मराठीत भांडते. संध्याकाळी एजंटाचा निरोप आला: कमिटी नाही म्हणते. घटनेच्या 19 व्या कलमाने भारतात कुठेही राहण्याचा आणि वसण्याचा हक्क मला दिला आहे. पण तो सरकारसमोर मांडायचा; कमिटीसमोर त्याचं काही चालत नाही. 2005 साली तर सर्वोच्च न्यायालयानेच एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवण्याचा नियम ग्राह्य धरला. 2006 च्या सच्चर अहवालाने मुसलमानांना घर मिळवताना येणाऱ्या अडचणींची नोंद केली. अहवाल कपाटात गेला, कमिट्या आपल्या जागी राहिल्या.

शेवटी आम्ही ‘आपल्या’ वस्तीत घर घेतलं. आणि महिनाभरात एका सहकारी शिक्षिकेने विचारलं, ‘तुम्ही लोक नेहमी एकत्रच का राहता?’

एक गोष्ट सांगायची राहिली. ती इमारत काकांची होती. आणि काका कमिटीवर होते.

पण माझ्या बिरादरीनेही इथे टाळ्या पिटू नयेत. आमच्या नव्या इमारतीत राहायला गेल्यावर पहिल्याच सभेत कानांवर काय आलं? ‘यूपीवालों को मत देना, एक कमरे में दस रहते हैं.’ ‘वो भंगारवाले हैं, माहौल खराब होगा.’ बोलणाऱ्यांपैकी एकाचे वडील भंगारच्याच धंद्यातून वर आले होते. माझ्या लहानपणी आम्हालाही कोकणी मुसलमान ‘खानदेशी’ म्हणून लांब ठेवायचे, हे मी विसरलेले नाही. आमच्या स्टाफरूममध्ये मराठी सुलभभारती उघडली की पालकांचा प्रश्न ठरलेला, ‘मराठीसे क्या होगा?’ ज्या भाषेत ग्रामसभेत उठून पाण्याबद्दल विचारायचं, ज्या भाषेत तलाठ्याशी बोलायचं, ती भाषा पोरांना नको आणि वर हक्क मात्र हवेत, हे कसं जमायचं? 2020 साली मराठी सक्तीचा कायदा झाला. कायद्याची वाट कशाला पाहायची होती? दार बंद करणाऱ्याइतकाच दोष आतून कडी लावून बसणाऱ्याचाही आहे.

काही मित्र म्हणतील, एवढ्याशा शब्दाचं काय घेऊन बसलात? ‘बाहेरचे’ म्हणजे बोलायची पद्धत! त्यांना मी आमच्याच जिल्ह्यातली एक रात्र आठवायला सांगते. 16 एप्रिल 2020. टाळेबंदी होती. मुलं पळवणारे आले आहेत अशा अफवा पसरल्या होत्या. गडचिंचल्याला जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला ठार मारलं. काही दिवस समाजमाध्यमांतून त्याचं खापर आमच्यावर फोडणं चाललं होतं. शेवटी गृहमंत्र्यांनी अटक झालेल्या 101 जणांची यादीच जाहीर केली. त्यात एकही मुसलमान नव्हता. माझा मुद्दा मात्र यादीचा नाही. माझा मुद्दा असा की त्या रात्री ‘बाहेरचा’ हा शब्द भगव्या वस्त्रांपुढेही थांबला नाही. हा शब्द एकदा सुटला की धर्म विचारत नाही, जात विचारत नाही. आज तो माझ्यासाठी वापरणाऱ्याने उद्या तो आपल्यावर उलटणार नाही याची खात्री बाळगू नये.

आणि उद्या फार लांब नाही. बुलेट ट्रेनचं स्टेशन बोईसरला. वाढवण बंदराचं भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 ला झालं, खर्च 76 हजार कोटींच्या घरात. पुन्हा जमिनी जातील, पुन्हा ठेकेदार गावोगाव फिरतील, पुन्हा चाळी उभ्या राहतील. तेव्हा येणाऱ्या बंदराच्या बाबूंना कुंभवलीचा काका आणि कुंभवलीची मी, दोघंही ‘लोकल’ म्हणून सारखीच अडचण वाटू.

फिरून परत येताना काकांच्या गॅलरीत गुढी उभी राहिलेली दिसली. रेशमी खण, साखरेची गाठी, वर तांब्या उपडा. काकांनी वरूनच हात केला, ‘उद्या शीरखुर्म्याला येतो गं पोरी!’

संध्याकाळी चाँद दिसला. सोमवारी ईद झाली. काका आले, शब्दाला जागले. शीरखुर्मा दोन वाट्या खाल्ला. सलोख्याच्या लेखांमध्ये इथे पूर्णविराम असतो. वाटी इकडून तिकडे गेली, गाठी तिकडून इकडे आली, की आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. मला ते पुरत नाही. शीरखुर्म्याच्या वाटीवर खोली मिळत नाही. जी माणुसकी पंगतीत बसते आणि भाडेकरारापाशी उठून जाते, तिचं मी काय करू?

म्हणून त्या दिवशी मी पहिल्यांदा विचारलं. ‘काका, त्या वेळी कमिटीत तुम्ही काय म्हणालात?’

काकांनी वाटी खाली ठेवली. बराच वेळ चमचा नीट लावत राहिले. ‘काही म्हणालो नाही गं,’ ते म्हणाले. मग म्हणाले, ‘पुढच्या मीटिंगला बोलतो.’

त्यानंतर एक मीटिंग झाली. काका गावाला गेले होते.

पुढचीही होईल. माझ्या इमारतीतही एक होणार आहे, खालच्या मजल्यावरची खोली एका बिहारी कुटुंबाला द्यायची की नाही यावर. त्यांची मुलगी माझ्या वर्गात आहे. त्या सभेला मी गावाला जाणार नाही.