फरशी पुसणाऱ्या मावशींचं नाव यादीत घाला

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मी 21 वर्षं सर्किट बोर्ड तपासले. एका डिसेंबरात आमच्याकडे पास झालेले बोर्ड महिन्याभरात गिऱ्हाइकाकडून परत येऊ लागले. सोल्डरिंग पाहिलं, पुरवठादाराशी भांडून झालं. शेवटी रोध मोजायच्या मीटरचे दोन वजनदार इलेक्ट्रोड फरशीवर ठेवले. रोध मर्यादेच्या कितीतरी पुढे!

आमची फरशी साधी नव्हती. टाइल्समध्ये कार्बन, खाली तांब्याच्या पट्ट्या, त्या अर्थिंगला जोडलेल्या. चालताना अंगावर साठणारी स्थिर वीज टाचेला बांधलेल्या हील स्ट्रॅपमधून फरशीत आणि तिथून जमिनीत उतरावी म्हणून. थंडीत स्वेटर काढताना तडतडते तीच ही वीज. आपल्याला तिचा चटका जाणवायला साधारण 3,000 व्होल्ट लागतात. काही चिप 100 च्या आतच जातात. सरळ गेली तर तपासणीत सापडते तरी. अर्धवट दुखावलेली चिप मात्र पास होते आणि पुढे कधीतरी दगा देते.

झालं होतं असं, की ऑडिटसाठी फरशी चमकावी म्हणून सफाईच्या नव्या ठेकेदाराने पॉलिश दिलं होतं. ‘फरशीत तोंड दिसलं पाहिजे, असं सांगितलंय ताई,’ मावशी म्हणाल्या. चूक त्यांची नव्हती. त्या चकाकीचा पातळ थर वीज अडवतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बोर्ड त्यामुळेच बिघडले, हे मी शपथेवर सांगणार नाही. पण पॉलिश काढल्यावर रीडिंग जागेवर आलं.

रांजणगावपासून नोएडापर्यंत इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने उभे राहताहेत. फरशीवर लाखो रुपये खर्च होतात, सफाईचं काम मात्र सर्वांत कमी दर भरणाऱ्याला. स्थिर विजेपासून बचावाच्या एस20.20 मानकानुसार चालणाऱ्या माणसाच्या अंगावर 100 व्होल्टसुद्धा साठता कामा नयेत. त्यासाठी ऑपरेटरला प्रशिक्षण, इंजिनिअरला प्रशिक्षण, पाहुण्यालाही हील स्ट्रॅप. रोज अख्ख्या फरशीवरून हात फिरवणारी बाई तेवढी यादीत नाही.

तिला यादीत घ्या. कोणतं द्रावण वापरायचं ते ठेक्यातच लिहा. चुकीचा कॅन परत पाठवायचा अधिकार तिला द्या.

आमच्या मावशींना मी मीटर दाखवला, आकडा कुठे थांबायला हवा तेही सांगितलं. पुढच्याच महिन्यात ठेकेदाराचा नवा कॅन त्यांनी दारातच अडवला आणि मला हाक मारली, ‘ताई, आधी कोपऱ्यात पुसून मीटर लावा, मग बघू.’