वॉट सगळेच विचारतात, स्लोप कुणीच नाही

सातारा-सांगलीकडच्या गाड्यांना साउंड सिस्टिम बसवणं हा माझा धंदा. उसाचं बिल जमा झालं की गिऱ्हाईक येतं आणि पहिला प्रश्न ठरलेला, "वूफर किती वॉटचा?" अँपवर स्लोपचं बारकं बटण असतं, त्याबद्दल कुणी तोंड उघडत नाही. गाणं बिघडतं ते पुष्कळदा तिथंच.

डिकीतल्या वूफरला ८० हर्ट्झपर्यंतचाच आवाज द्यायचा (हा झाला कट) असं ठरवलं, तरी त्यावरचा आवाज एकदम तुटत नाही, उतरत जातो. किती झटक्यात उतरायचा ते स्लोप ठरवतो. बटण १२ डेसिबलवर असेल तर १६० हर्ट्झला आवाजाची ताकद साधारण सोळावा हिस्सा उरते. २४ वर असेल तर अडीचशेवा. ८० च्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही, वरचा कळतो. पुरुषाचा बोलण्याचा आवाज सव्वाशेच्या आसपास असतो. म्हणून १२ वर कीर्तनकारबुवा डिकीत बसल्यासारखे वाटतात!

पारख करायला डीजेची गाणी नकोत, त्यात सगळंच धडधडतं. तानपुरा लावा. पुरुषी तानपुरा काळी एकला लावला तर खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास आणि मधल्या जोडीच्या तारा १३८ ला. १२ च्या स्लोपवर जोडीतलं थोडंफार मागून येतं, २४ वर ती समोर येते. ज्या मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथला कारागीर जवारीवर, म्हणजे घोडीच्या घासणीवर, इतके कष्ट घेतो आणि आपण एका बटणापायी त्यावर पाणी ओततो.

दारातले स्पीकर अगदीच लहान असतील तर १२ सुद्धा चालतो. वूफर आणि त्यांच्या मधली पोकळी भरून निघते. स्वस्त अँपमध्ये बटणच नसतं, स्लोप १२ वरच पक्का. तिथं कट ६० पर्यंत खाली आणावा.

खरा घोळ पुढं होतो. स्लोप बदलला की वूफर आणि दारातले स्पीकर यांचा मेळ बदलतो. दोन्हीकडे १२ असेल तर कटच्या जागी दोघं एकमेकांच्या उलट ढकलतात आणि बेस गायब होतो. गिऱ्हाईक म्हणतं, "गेन वाढवा." गेन वाढवला की अँप फाटून वाजतो आणि शेवटी वूफरची कॉइल जळते. खरं तर फेजचं बटण ० वरून १८० वर टाकून ऐकायचं होतं, फुकटात. जिथं बेस भरतो तिथं ठेवायचं.

तेव्हा अँप घेताना वॉटच्या आधी स्लोप विचारा. आणि आमच्यासारख्यांचे पैसे चुकते करण्याआधी एकच गाणं दोन्ही स्लोपवर वाजवून दाखवायला लावा.