जरा हळू विचारा

सासूबाईंचे गुडघे दाखवायला मंगळवारी पुन्हा दवाखान्यात गेले होते. केसपेपरच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई आणि तिची मुलगी. एवढ्या उकाड्यात मुलीनं ओढणी पोटावरून दोनदा गुंडाळून घेतलेली. खिडकीतून प्रश्न आला, "वय?" आई काहीतरी पुटपुटली. "मोठ्यानं बोला की बाई! पंधरा? आणि बाळंतपणाच्या विभागात? मग नवऱ्याचं नाव काय लिहू?"

सगळी रांग वळून बघायला लागली. मुलीनं मान खाली घातली, ती पुढे तासभर वर केली नाही.

गेले चार दिवस तो आवाज माझ्या कानातून जात नाही. वय विचारायलाच हवं, मान्य. पण ते कागदावर लिहून विचारता येतं, आत नेऊन विचारता येतं. त्या आईनं घरून निघताना किती धीर गोळा केला असेल! शेजारणीला काय सांगितलं असेल, एसटीत कुठे तोंड लपवून बसली असेल! आणि एवढं करून पोचल्यावर हे.

कायदा त्या खिडकीपेक्षा पुष्कळ शहाणा आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीला चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो. डॉक्टरांना पोलिसांत कळवावं लागतं, पण मुलगी आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव सांगायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२मध्ये सांगितलंय. मूल जन्माला आलं आणि सांभाळणं शक्य नसलं तर ते बालकल्याण समितीकडे सोपवता येतं, वर फेरविचाराला दोन महिने मिळतात. १०९८ला फोन केला तर मदत मिळते.

पण हे त्या आईला सांगणार कोण? नाव गुप्त राहील असं न्यायालय म्हणतं आणि रांगेत ते पुकारलं जातं. त्या धास्तीनं माणसं घरीच बसतात. महिना जातो, दुसरा जातो, आणि मग चोवीस आठवडे उलटून गेलेले असतात.

मला राहून राहून सावित्रीबाई आठवतात. १८६३ साली जोतीराव आणि त्यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. अडकलेल्या विधवांनी गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवायचं ते त्यांनीच ठरवावं, अशी पत्रकं त्यांनी गावात लावली. 'गुपचूप' हा शब्द त्यांना किती नेमका कळला होता! विधवेच्या पोटी तिथे जन्मलेल्या यशवंतला त्यांनी पुढे दत्तक घेतलं, डॉक्टर केलं. ना कायदा पाठीशी, ना सरकारी पैसा. बाईची लाज झाकली तर दोन जीव वाचतात, एवढं त्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी मी पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा पुडा घेऊन त्या मायलेकींच्या बाकावर जाऊन बसले. मुलीनं दोन बिस्किटं खाल्ली. आई बराच वेळ गप्प होती. मग हलकेच म्हणाली, "ताई, दहावीला बाहेरून बसता येतं का हो?"

सतरा नंबरचा फॉर्म असतो, मी म्हटलं. तिनं एसटीचं तिकीट पुढे केलं. "यावर लिहून द्या."