पाच दिवसांत सुतार कोण होतो?

म्हैसूरच्या मेटगळ्ळीत, केआरएस रस्त्याच्या औद्योगिक भागात, कर्नाटक सरकारचं टूल रूम अँड ट्रेनिंग सेंटर आहे. सगळे त्याला जीटीटीसी म्हणतात. 1972 मध्ये डेन्मार्कच्या मदतीने बेंगळुरूत सुरू झालेल्या संस्थेची ही शाखा. दहावी झालेल्या मुलाला इथे टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा करायचा तर तीन वर्षं शिक्षण आणि त्यावर एक वर्ष प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. एकूण चार वर्षं. पोलादाचा साचा करणारा हात तयार व्हायला इतका वेळ लागतो, हे सरकारला मान्य आहे.

आता दुसरा आकडा पाहा. 17 सप्टेंबर 2023 ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. त्यात 18 धंदे आहेत आणि सुतारकाम त्यातलं एक. प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचं, म्हणजे 40 तास. पुढचं प्रशिक्षण 15 दिवसांचं, 120 तास. दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी 15,000 रुपये, मग 5 टक्के व्याजाने आधी एक लाख आणि नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज.

साच्याला चार वर्षं आणि कपाटाला पाच दिवस. लाकूड पोलादापेक्षा इतकं सोपं आहे का? रंध्याला धार लावायला, लाकडाची रेषा ओळखायला, गुण्या लावून काटकोन साधायला, पटाशीने खाच पाडून त्यात कुसू घट्ट बसवायला महिने जातात. हे कुठल्याही सुताराला विचारा. मग पाच दिवसांत सुतार कोण होतो? जो आधीच सुतार आहे तोच. ज्याच्या घरात वाकस, करवत, रंधा होता आणि जो बापाच्या हाताखाली दहा वर्षं शिकला, त्याच्यासाठी पाच दिवस म्हणजे उजळणी. ज्याच्या घरात यातलं काहीच नव्हतं, त्याच्यासाठी पाच दिवस म्हणजे काहीच नाही.

योजनेच्या पात्रतेतही हेच लिहिलं आहे. अर्जदार 18 पारंपरिक, कुटुंबाधारित धंद्यांपैकी एखाद्या धंद्यात आधीपासून काम करणारा हवा. जातीचा दाखला मागत नाहीत, हे खरं. पण आपल्या देशात 'कुटुंबाचा पारंपरिक धंदा' या शब्दांचा अर्थ कळायला दाखला लागत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये तामिळनाडू सरकारने ही योजना आहे त्या रूपात राबवायला नकार दिला. कुटुंबाच्या धंद्याची अट काढा आणि किमान वय 18 वरून 35 करा, अशी त्यांची मागणी होती. वयाची मागणी मला जास्त महत्त्वाची वाटते. 18 वर्षांच्या मुलाने कॉलेजात जायचं की बापाच्या धंद्यात, हा निर्णय स्वस्त कर्जाने फिरवू नये, एवढाच त्यामागचा विचार. 2025 मध्ये त्यांनी धंदा आणि कुटुंब यांची गाठ सोडणारी स्वतःची योजना आणली. तामिळनाडूला हे लवकर समजलं, कारण त्यांनी 1953 पाहिलं आहे. तेव्हा राजाजींनी प्राथमिक शाळेचा वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. लोकांनी तिला 'कुलकल्वी' म्हणजे कुळाचं शिक्षण असं नाव ठेवलं. पेरियारांनी आणि द्रमुकने ती रस्त्यावर अडवली. 1954 मध्ये राजाजी गेले आणि कामराजांनी ती रद्द केली.

त्यामुळे 'कौशल्य' हा शब्द ऐकला की तुमच्यातल्या अनेकांच्या कपाळाला आठी पडते, ती मला समजते. तुमच्या आईने दुसऱ्याच्या बांधावर खुरपं चालवून तुम्हाला बी.ए., बी.कॉम. केलं, आणि आता कुणी इंग्रजी शाळेत शिकलेला माणूस व्यासपीठावरून सांगतो की पदवीच्या मागे लागू नका, हाताला काम शिका. त्याची स्वतःची मुलं पदवीच्या मागेच असतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना सुतारकाम, वीजकाम, कुंभारकाम यांची ओळख करून द्यायला सांगितलं आहे. कागदावर ते सगळ्यांसाठी आहे. पण एका शाळेतला मुलगा हौसेने स्टूल करून घरी नेईल, आणि दुसऱ्या शाळेतल्या मुलाला तेच स्टूल दाखवून सांगितलं जाईल की तुझं भविष्य हे. राग या फरकाचा आहे आणि तो रास्त आहे.

पण या रागातून 'आपल्याला हातकाम नकोच' असा निष्कर्ष काढला तर आपण एक मोठी लढाई विसरतो. बलुतेदारीत सुताराकडे वाकस होता, लोहाराकडे भाता होता, चांभाराकडे रापी होती. महाराच्या वाट्याला काठी आली. सरकारी सारा पोचवणं, सांगावा नेणं, मेलेलं ढोर ओढणं ही त्याची कामं. त्यातली बरीच अशी की त्यातून विकता येण्याजोगं कसब हाती लागत नाही. म्हणजे आपल्यातल्या अनेक जातींना धंदा चिकटवला गेला, तर काहींना धंद्यापासूनच दूर ठेवलं गेलं. दोन्ही अन्याय आहेत, पण उपाय वेगळे आहेत.

बाबासाहेबांना हा फरक नेमका ठाऊक होता. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि तिथे अस्पृश्यांना घेत नसत, कारण धाग्याला तोंड लावावं लागे आणि सवर्ण विणकरांना विटाळ होई. 1928 च्या संपाच्या वेळी हे खातं अस्पृश्यांना खुलं करण्याची मागणी बाबासाहेबांनी लावून धरली. ऑक्टोबर 1942 मध्ये व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात परदेशी शिष्यवृत्त्यांची मागणी आहे आणि त्याच निवेदनात सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत अस्पृश्य मुलांना उमेदवार म्हणून घ्या, अशीही मागणी आहे. लंडनची पदवी आणि छापखान्यातली उमेदवारी एकाच कागदावर. त्यांच्या दृष्टीने या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नव्हत्या.

मग आज फर्निचरच्या धंद्याकडे बघूया. जुना सुतार सागवान ओळखायचा. आजचं कपाट आठ बाय चार फुटांच्या प्लायवुडच्या किंवा एमडीएफच्या शीटमधून निघतं. पॅनल सॉवर कापणं, एज बँडिंग, बिजागरीसाठी 35 मिलिमीटरचं भोक, टेलिस्कोपिक चॅनल, सीएनसी राउटर, आणि या सगळ्याआधी संगणकावरचं ड्रॉइंग आणि कटिंग लिस्ट. एका शीटमधून किती तुकडे निघतील आणि पात्याच्या जाडीत प्रत्येक कापाला तीन-चार मिलिमीटर कसे जातील, हा हिशेब ज्याला येतो त्याचा माल वाया जात नाही. हे कुणाच्याच बापजाद्यांनी केलेलं नाही. इथे सगळे पहिल्या पिढीचे आहेत. आणि जुन्या कामातसुद्धा कसब रक्तात नसतं. म्हैसूरचं शिसवी लाकडावरचं जडावकाम जगभर जातं, त्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्या कारागिरांत मुसलमान मोठ्या संख्येने आहेत. कसब शिकवलं की येतं. म्हैसूर संस्थानाने चामराजेंद्र टेक्निकल इन्स्टिट्यूट उभारून कोरीवकामासारख्या कला घराबाहेर, वर्गात आणल्या, त्यालाही आता शंभराहून जास्त वर्षं झाली.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला वारसा नाही त्याला संस्था लागते, आणि संस्थेला वेळ लागतो. लांब पल्ल्याचा, पदवीशी जोडलेला, सगळ्यांना खुला अभ्यासक्रम हीच आपली मागणी हवी. त्याची चौकट आधीच आहे. डिसेंबर 2013 मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला. त्याच सुमारास यूजीसीने कम्युनिटी कॉलेजची योजना आणली आणि 2014 मध्ये बी.व्होक. पदवी आली. सहा महिन्यांवर प्रमाणपत्र, एका वर्षावर डिप्लोमा, दोन वर्षांवर प्रगत डिप्लोमा, तीन वर्षांवर पदवी. घरची अडचण आली तर मधूनच बाहेर पडता येतं आणि परतही येता येतं. आपल्या मुलांच्या आयुष्याला ही रचना शोभते. मात्र सहा महिन्यांवरच सगळ्यांना बाहेर ढकललं आणि वरच्या वर्गात जाणारं कुणी उरलंच नाही, तर ती शिडी राहत नाही.

पण नुसता हात शिकवून भागत नाही. घरंदाज सुताराला तीन गोष्टी वारशाने मिळतात: हात, हत्यार आणि गिऱ्हाईक. कॉलेज बहुतेक वेळा पहिलीवर थांबतं. आमच्या भागात मॉड्युलर किचन बसवणारा एक दलित मुलगा आहे, बी.ए. झालेला. काम त्याचं चोख. एका घरी ओट्याखालचे कप्पे बसवून झाले, देवघराचं कपाट बाकी होतं, तेव्हा घरमालकाने विचारलं, 'याव जन?' म्हणजे तुम्ही कुठल्या लोकांतले? आपल्याकडे आडनाव विचारतात, इथे असं विचारतात. देवघर बसवायला दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस आला. त्या देवघराची जाळी मशीनवर त्याच मुलाने कापलेली होती. मशीनपाशी कुणी जात विचारली नव्हती, दारात विचारली.

पैशाचंही तसंच. या धंद्यात दोन प्रकारे काम घेतात: फक्त मजुरीवर, किंवा मालासकट. नफा मालासकट कामात असतो. त्यासाठी प्लायवुडच्या दुकानात महिनाभराची उधारी लागते आणि दुकानदार उधारी ओळखीवर देतो. ओळख जातीतून आणि नात्यातून येते. राजस्थानातून आलेले सुथार-जांगिड कंत्राटदार आज अनेक शहरांत इंटीरियरचं काम करतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण गावाकडचा पोरगा आणायचा, काकाने कामाला लावायचा, मामाने उधारी मिळवून द्यायची, हे जाळं त्यांच्यापाशी आहे आणि आपल्यापाशी नाही. आपला पोरगा उत्तम फिटर होऊन आयुष्यभर मजुरीवर राहतो, तो कसब कमी म्हणून नव्हे.

यावर करता येण्यासारखं बरंच आहे. केंद्राच्या सार्वजनिक खरेदी धोरणात 2012 पासून अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून 4 टक्के खरेदीचं लक्ष्य आहे. सरकारी कचेऱ्यांना टेबलं, कपाटं, रॅक सतत लागतात. अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात विद्यार्थ्यांच्या गटाने उद्योग म्हणून नोंदणी करावी, निविदा भरायला शिकावं आणि कॉलेजच्या कार्यशाळेतली मशीनं पहिली दोन वर्षं त्यांना भाड्याने वापरता यावीत. ड्रॉइंग, कोटेशन आणि जीएसटी हे विषय पटाशीइतकेच सक्तीचे असावेत. निविदेत आडनाव चालत नाही असं मी म्हणत नाही, पण दारात उभं राहून 'याव जन' विचारण्यापेक्षा तिथे भांडायला जागा असते, कागद असतो, नियम असतो.

आणि तुम्ही, जे पदवी घेऊन बसला आहात, तुमचंही इथे काम आहे. तुमच्या गावातला, वस्तीतला एखादा भाऊ किंवा बहीण अशा अभ्यासक्रमाला निघाली तर 'बी.ए. सोडून सुतारकी?' असं म्हणू नका. तीन प्रश्न विचारा. हा कोर्स किती महिन्यांचा? यातून पुढे पदवीला जाता येतं का? इथे ड्रॉइंग आणि हिशेब शिकवतात का? यातलं एखादं उत्तर 'नाही' आलं, तर कॉलेजच्या प्राचार्यांना, जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयाला अर्ज लिहा, माहिती अधिकारात विचारा. अर्ज लिहिता येणारी आपल्या घरातली पहिली पिढी तुमची आहे. बापाची इंग्रजीतली नोटीस वाचून दाखवायला जी पदवी उपयोगी पडली, ती धाकट्या भावाच्या कोर्सची मुदत वाढवून घ्यायलाही पडली पाहिजे.

जय भीम.